ओहोटीची वही

टर्न पॉइंट, नॉर्थ कॅरोलिना
९ सप्टेंबर २०१२

सौ. मेरिडिथ सॅन्डोवाल यांस,

आपली ओळख नाही. तुमचं पुस्तक मात्र माझ्या चांगल्या ओळखीचं झालं आहे, कारण ते मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन.

मी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि दुकानाच्या पुढच्या भागात गळाला लावायचं आमिष विकतो. वय पंचावन्न. शाळा सोळाव्या वर्षी सुटली. त्यानंतर जे शिकलो ते स्वतः शिकलो, म्हणून ते पक्कं आहे. सव्वीस वर्षं मी भरती-ओहोटीची वही लिहितो. छापील तक्ता बघून नाही, धक्क्यावर जाऊन, खांबावरच्या खुणा पाहून.

तुमचं पुस्तक माझ्या बहिणीने, नेल्डाने दिलं. ती इथल्या ग्रंथालयात असते. म्हणाली, "घे, आपल्याच किनाऱ्यावरचं आहे. आणि वाचून झालं की मला येऊन काही सांगू नकोस." म्हणून तुम्हाला सांगतो.

पुस्तकात सात चुका आहेत. सगळ्यात मोठी ही: पौर्णिमेच्या संध्याकाळी आठ वाजता तुमचा खुनी वाळूच्या पट्ट्यावरून चालत बगळ्यांच्या बेटावर जातो. आमच्या किनाऱ्यावर पौर्णिमेला त्या सुमारास भरती असते. तो पट्टा ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास, एवढाच कोरडा राहतो. तुमचा खुनी छातीभर पाण्यात गेला असता आणि त्याचे बूट भिजले असते, आणि कोरडे बूट हाच तर तुमचा पुरावा आहे. दुसरी चूक इंजिनाची: टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद ठेवून कुठलीही बोट वीस मिनिटं चालत नाही. चौथी तर पटण्याच्याच पलीकडची. तुमची नायिका डॉट पर्सेल एका गृहस्थाची खुर्ची उलटी करते, खाली चिकटवलेले रंगीत कागद पाहते आणि तो कुठे कुठे राहिला ते सांगते. असले कागद कुणी वर्षानुवर्षं खुर्चीला ठेवत नाही.

बाकीच्या चार वेगळ्या कागदावर, पानांच्या क्रमाने.

एक गोष्ट चूक नाही, तीही लिहून ठेवतो. किनाऱ्यावर छत्र्या आणि खुर्च्या भाड्याने देणारी डॉट दिवस संपल्यावर एक खुर्ची जास्त उघडी ठेवते, कुणी उशिरा आलं तर असू दे म्हणून. ते वाचून मी पुस्तक थोडा वेळ खाली ठेवलं होतं.

आपला,
वेंडेल गॅस्किल


लष्करी वसाहत, नॉर्थ कॅरोलिना
२१ सप्टेंबर २०१२

मिस्टर वेंडेल,

(तुमच्या बाजूला मोठ्यांना असंच म्हणतात ना? मी नेब्रास्काची, मला इथे येऊन तीनच वर्षं झाली.)

प्रकाशकाने तुमचं पत्र पाठवताना वर चिठ्ठी लावली होती: "उत्तर दिलं नाही तरी चालेल." मला चालणार नव्हतं. हे माझं पहिलं पुस्तक, आणि ते पेन्सिल घेऊन वाचणारे तुम्ही पहिले.

ओहोटी: कबूल. इंजिन: कबूल, वर लाजही वाटली. पण चौथ्या चुकीवर मी हटणार नाही. माझा नवरा रे मरीन दलात सार्जंट आहे. सोळा वर्षांत आम्ही सात घरं बदलली. प्रत्येक वेळी सामान हलवणारे येतात आणि प्रत्येक वस्तूवर नंबराचा रंगीत कागद चिकटवतात, दर खेपेला निराळा रंग. ते आम्ही काढत नाही. काढून काय करायचं, तीन वर्षांनी पुन्हा येणारच. माझ्या जेवणाच्या टेबलाखाली सहा रंग आहेत. शेजारणीकडे गेले की मी गुपचूप खुर्चीखाली हात घालते. तुमच्या गावात जुन्या सामानाच्या विक्रीतून आलेली एखादी खुर्ची उलटी करून बघा. पुरावा म्हणून माझ्याकडचा एक सोबत पाठवते. नारिंगी, क्रमांक १४७, स्वयंपाकघर.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. मी लेखिका नव्हते. दातांच्या दवाखान्यात लोकांचे दात साफ करायचे. चांगलं काम होतं आणि मला ते येत होतं. पण प्रत्येक राज्याचा परवाना वेगळा, प्रत्येक राज्याची परीक्षा वेगळी. मी चार वेळा दिली आणि चारही वेळा पास झाले. पाचव्यांदा अर्ज भरायला बसले तेव्हा रे सात महिन्यांसाठी अफगाणिस्तानात होता. रोज त्याला पत्र लिहायचे आणि पत्र संपलं की त्याच वहीत दोन पानं डॉटची. या कामाला कुठल्याच राज्याचा परवाना लागत नाही, हे माझ्या ध्यानात आलं.

लोक विचारतात, असल्या हलक्याफुलक्या रहस्यकथा का, जिथे खून होतो पण रक्त दिसत नाही आणि शेवटी सगळे बसून केक खातात. तेव्हा आमच्या घरी बातम्या पुरेशा होत्या, मिस्टर वेंडेल. मला असं एक गाव हवं होतं, जिथे माणूस का गेला ते शेवटी सगळ्यांना कळतं.

दुसरं पुस्तक लिहिते आहे. प्रश्न विचारले तर चालतील का? तुम्हाला ईमेल आहे?

मेरिडिथ सॅन्डोवाल


टर्न पॉइंट
२ ऑक्टोबर २०१२

सौ. सॅन्डोवाल,

ईमेल आहे. त्यावर मी फक्त इंजिनाचे सुटे भाग मागवतो. पत्र बरं, लिहिलेलं राहतं.

नेल्डाच्या स्वयंपाकघरात चार खुर्च्या आहेत, कुठल्याशा लष्करी कुटुंबाने जाताना विकलेल्या. मी चारही उलट्या केल्या. ती म्हणाली, "अरे, लोक जेवायला बसलेत." तीन खुर्च्यांखाली कागद निघाले. पिवळा, हिरवा, आणि हिरव्याखाली एक निळा. चूक क्रमांक चार मी मागे घेतो. म्हणजे सहा.

प्रश्न खुशाल विचारा. माझी वही अशी आहे की तिच्यावर पैज लावावी. मार्च आला की सगळा देश निमूटपणे घड्याळ एक तास पुढे सरकवतो आणि नोव्हेंबरात पुन्हा मागे आणतो. माझ्या दुकानातलं घड्याळ हलत नाही. समुद्राला ते फर्मान कुणी कळवलेलं नाही. परिणाम एवढाच, की नेल्डाने रविवारी बाराला जेवायला बोलावलं की उन्हाळाभर मी एकला पोचतो आणि गार झालेलं खातो. तिची बडबडही गार झालेली असते, ते बरं.

तुमच्या धंद्याबद्दल मला काही कळत नाही. पण चार राज्यांच्या परीक्षा पास होणाऱ्या माणसाबद्दल थोडं कळतं. मी एकही दिलेली नाही.

वेंडेल गॅस्किल


लष्करी वसाहत
६ मे २०१३

मिस्टर वेंडेल,

हिवाळाभर तुमची पत्रं आली आणि मी फक्त प्रश्न पाठवत राहिले. आज प्रश्न नाही, बातमी आहे.

रेच्या बदलीचा हुकूम आला. पुढच्या महिन्यात निघायचं. कॅलिफोर्निया. ते ऐकून मी दोन मिनिटं खूश होते, कारण तिथेही समुद्र आहे. मग त्याने नकाशा उघडला आणि बोट ठेवलं ते वाळवंटावर. म्हणाला, "अगं, किनारा म्हणशील तर सगळाच आहे. पाणी तेवढं थोडं लांब आहे." त्याला हसवायचं होतं. मी हसलेही, कारण तो हुकूम त्याने मागितलेला नाही.

दुसरं पुस्तक पंधरा नोव्हेंबरला द्यायचं आहे. ते जमलं नाही तर डॉटची मालिका इथेच संपेल, असं प्रकाशकबाईंनी गोड शब्दांत कळवलं आहे. आणि मी समुद्राबद्दल लिहिणार कशी? माझं सगळं ज्ञान म्हणजे तीन वर्षं दर शनिवारी चाळीस मैल गाडी चालवून तुमच्या गावात येणं. मला आतून काही माहीत नाही. बघून लिहिते. बघायचंच गेलं तर उरलं काय?

कॅलिफोर्नियाच्या दातांच्या परीक्षेचा अर्ज मागवला आहे. टेबलावर आहे. टेबलाखाली आता सातवा रंग लागेल.

तुमचे आभार मानायला लिहिलं. निरोपाचं पत्र समजा.

मेरिडिथ


टर्न पॉइंट
१३ मे २०१३

मेरिडिथ,

निरोपाचं पत्र मिळालं. त्यात एक चूक आहे.

तुम्ही लिहिता, "मला आतून काही माहीत नाही." मी या किनाऱ्यावर जन्मलो. वीसेक वर्षं दुकानात बसून मी रोज पाहतो की किनाऱ्यावरचा खुर्चीवाला जाताना एक खुर्ची उघडी ठेवतो. मला वाटायचं, विसरतो. तुमचं पुस्तक वाचल्यावर मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "कुणी उशिरा आलं तर." तुम्ही तीन वर्षांत शनिवारचं येऊन ते पाहिलंत.

तेव्हा बघणं तुमच्याकडे आहे. तुम्हाला कमी आहे ते पाणी. ते मी पाठवतो. दर आठवड्याला एक पत्र: वारा, ओहोटी, किनाऱ्याला काय लागलं, कोण काय बोललं. सजावट मला येत नाही. ती तुमची तुम्ही करा.

अर्जाचं काय करायचं ते मी सांगणार नाही. तो माझा विषय नाही.

वेंडेल


वाळवंटातून, कॅलिफोर्निया
२० ऑगस्ट २०१३

मिस्टर वेंडेल,

तुमची नऊ पत्रं दारामागे टाचली आहेत. बाहेर त्रेचाळीस अंश. वाळू हवी तेवढी, आणि छत्री उघडायला माणूस नाही. शेजारीण विचारत होती, "रोज दाराकडे तोंड करून काय बसतेस?" मी म्हटलं, किनाऱ्यावर जाते.

मी लिहिते आहे. दोनशे पानं झाली. रे घरी आला की आधी पाणी पितो, मग विचारतो, "आज कुणावर संशय?" त्याला अजून कुणी पटलेला नाही.

आता मला एक आकडा हवा. सगळी गोष्ट त्याच्यावर उभी राहणार आहे, म्हणून तुमच्याच वहीतला हवा. यंदाच्या जूनमध्ये, पौर्णिमेनंतर पाचव्या दिवशी, संध्याकाळची ओहोटी किती वाजता होती?

अर्ज अजून टेबलावरच आहे. मुदत डिसेंबरपर्यंत. पुस्तक पडलं तर तो आहे, असं मनाला सांगते.

मेरिडिथ


टर्न पॉइंट
२९ ऑगस्ट २०१३

मेरिडिथ,

२८ जून २०१३. संध्याकाळची ओहोटी ५.४०. मी स्वतः धक्क्यावर होतो. यावर घर बांधलंत तरी हलणार नाही.

या आठवड्यात: वारा नैर्ऋत्येचा, शुक्रवारी पडला. नेल्डाने अंजिराचा केक केला आणि तिच्या मते तो बिघडला. मी तीन तुकडे खाल्ले. मंगळवारी एक काळी चप्पल किनाऱ्याला लागली, डाव्या पायाची. आमच्या बाजूला डाव्याच जास्त लागतात. का, ते मला माहीत नाही. हे वाक्य मी सहसा लिहीत नाही.

वेंडेल


वाळवंटातून
४ नोव्हेंबर २०१३

मिस्टर वेंडेल,

फोन करणार होते, पण फोनवर तुम्ही माफी मागितली असती आणि मला ती ऐकायला वेळ नाही.

काल देशाने घड्याळ मागे घेतलं. रे स्टुलावर चढून स्वयंपाकघरातलं घड्याळ फिरवत होता. म्हणाला, "घे, एक तास फुकट मिळाला." आणि मला तुमचं गेल्या वर्षीचं पत्र आठवलं. नेल्डाकडचं गार जेवण. तुमचं न हलणारं घड्याळ.

मिस्टर वेंडेल, तुमच्या वहीतले ५.४० हे तुमचे ५.४०. जूनमध्ये गावाच्या घड्याळात तेव्हा ६.४० झाले होते.

गोष्ट अशी आहे. बेटावर प्रेत सापडतं. त्या संध्याकाळी दोन माणसं तिथे होती. चित्रकार लायल सांगतो, मी साडेसातला पट्ट्यावरून चालत परत आलो. वकील प्रेंटिस सांगतो, मी चार पन्नासला चालत गेलो होतो. पट्टा ओहोटीच्या मागेपुढे एकच तास कोरडा, हे तुम्हीच मला पहिल्या पत्रात शिकवलंत. म्हणजे दोघांतला एक खोटं बोलतो. तो होडीने गेला-आला, होडी लपवली, आणि तोच खुनी. ओहोटी ५.४०ची धरली तर साडेसातला पट्टा पाण्याखाली. लायल खोटारडा. ६.४०ची धरली तर लायल खरा, आणि चार पन्नासला पट्टा पाण्याखाली. प्रेंटिस खोटारडा.

दोनशे साठ पानं मी लायलच्या गळ्यात दोर अडकवत आणला आहे. तो निर्दोष आहे.

अकरा दिवस आहेत. उत्तर पाठवू नका, मी दार बंद करते आहे.

मेरिडिथ


टर्न पॉइंट
९ नोव्हेंबर २०१३

मेरिडिथ,

उत्तर नको म्हणालात, तरी चार ओळी.

चूक माझी आहे. पंधराव्या शतकातल्या खलाशालाही समजलं असतं की दुसऱ्याला वेळ सांगताना कुठल्या घड्याळाची ते सांगावं. मी सांगितलं नाही, कारण माझ्या लेखी घड्याळ एकच होतं. तुमच्या सात चुका मी प्रकाशकामार्फत धाडल्या आणि ही एक त्या सातांहून मोठी निघाली.

सरकारी छापील तक्ता सोबत जोडला आहे. यापुढे त्यावर चाला. आठवड्याची पत्रं मी थांबवतो. कुणी माझ्या शब्दावर घर बांधावं, एवढा तो पक्का नाही.

नेल्डा म्हणते, "बघ, मी बारा म्हणजे बाराच म्हणत होते." एरवी मी उत्तर दिलं असतं.

वेंडेल गॅस्किल


वाळवंटातून
१७ नोव्हेंबर २०१३

मिस्टर वेंडेल,

पुस्तक परवा गेलं. आता दोन तास झोपून लिहायला बसले आहे. तुमचं पत्रही परवाच आलं. बरं झालं, आधी आलं नाही.

छापील तक्ता परत पाठवते आहे. माझ्या कामाचा नाही.

पहिला दिवस मी नुसती बसून होते. अर्ज समोर होता, त्यावर नाव लिहायला पेनही उघडलं होतं. मग मनात आलं, ही चूक मी केली, तर हीच चूक सगळं गाव का करणार नाही? सोळा वर्षं माझ्या घरात दोन घड्याळं आहेत, मिस्टर वेंडेल. एक आमचं, एक रे जिथे असेल तिथलं. त्यांच्यातला फरक काढणं ही एकच विद्या मला परीक्षेशिवाय येते.

आता पुस्तकात एक नवा माणूस आहे, ऑरिन टिलेट. इंजिनं दुरुस्त करतो. त्याची ओहोटीची वही इतकी चोख, की शेरीफ तक्ता न उघडता ऑरिनला विचारतो. ऑरिन म्हणतो ५.४०. गावात त्याच्या शब्दावर कुणी शंका घेत नाही आणि लायलला पकडून नेतात. दोनशे साठ पानं जवळजवळ जशीच्या तशी राहिली. पुरावा तोच, फक्त तो आता गावाला फसवतो, मला नाही.

मग रविवारी डॉट ऑरिनच्या बहिणीकडे जेवायला जाते. सगळे बाराला बसतात. एक ताट झाकून ठेवलेलं. बहीण म्हणते, "त्याचं आहे. येईल एकला, उन्हाळ्यात तो असाच." डॉट त्या गार ताटाकडे बघते आणि उठून सरळ तुरुंगाकडे निघते.

शेवटची चाळीस पानं नव्याने लिहिली. रेला वाचायला दिली. संपल्यावर उठून त्याने त्याचं मनगटी घड्याळ पाहिलं, मग भिंतीवरचं. मला तेवढी पावती पुरे झाली.

वहीत वेळ चुकीची नव्हती, मिस्टर वेंडेल. ऑरिन शेवटी शेरीफला हेच सांगतो, आणि त्याला मी एका शब्दानेही माफी मागायला लावलेलं नाही.

अर्ज काल सापडला. त्याच्या पाठीवर मी कुठल्या घड्याळात कोण कुठे होतं ते मांडलं होतं. दोन्ही बाजू भरल्या आहेत. आता तो कुठल्याही राज्यात चालणार नाही.

या आठवड्याचं पत्र आलं नाही. दारामागे जागा रिकामी आहे.

मेरिडिथ


टर्न पॉइंट
११ जुलै २०१४

मेरिडिथ,

आठवड्याची पत्रं नोव्हेंबरातच पुन्हा सुरू झाली, त्यामुळे वारा आणि चपला तुम्हाला ठाऊक आहेत. हे पत्र पुस्तकाबद्दल.

"एक तास उणा" सोमवारी पोचलं. नेल्डाने आधी मागितलं. मी दिलं नाही. दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन. २८ जूनला ओहोटीच्या एक तास पन्नास मिनिटं आधी, म्हणजे प्रेंटिसच्या चार पन्नासला होता तेवढाच वेळ धरून, मी स्वतः बूट घालून पट्ट्यापाशी उभा राहिलो होतो, कारण यंदाची ओहोटी गेल्या वर्षीच्या घटकेला येत नाही, पण तितक्या आधी पट्ट्यावर किती पाणी असतं ते तरी पाहता येतं. तुमचं बरोबर आहे. प्रेंटिस चालत गेला नसता.

चुका: शून्य. वेगळा कागद जोडलेला नाही, तो हरवला असं समजू नये.

ऑरिन टिलेट मला जरा जास्त बोलका वाटला. नेल्डाला उलट वाटलं. ताटाचं पान तिने मोठ्याने वाचलं, मग म्हणाली, "वेंडेल, बाईने तुला न बघता लिहिलं आहे, आणि मी तुला छप्पन्न वर्षं बघते आहे." प्रकाशकबाईंनी तिसरं पुस्तक मागितल्याचं तुम्ही कळवलंत, ते मी ग्रंथालयात चार जणांना सांगितलं. विचारलं कुणी नव्हतं.

तुमचा नारिंगी कागद, क्रमांक १४७, इतके दिवस वहीत होता. तो आता दुकानातल्या माझ्या स्टुलाच्या खालच्या बाजूला चिकटवला आहे. उद्या कुणी स्टूल उलटं केलं तर त्याला कोडं पडेल.

दुकानातलं घड्याळ मी हलवलेलं नाही आणि हलवणार नाही. पण वहीत आता तीन रकाने आहेत. पहिला समुद्राचा, दुसरा गावाचा. तिसऱ्याच्या वर तुमचं नाव लिहिलं आहे.

उद्या पौर्णिमा. ओहोटी १.०५, गावाच्या घड्याळात २.०५, तुमच्याकडे सकाळचे ११.०५. त्या वेळी मी पट्ट्याच्या मधोमध उभा असेन, कोरड्या बुटांनी. खुर्चीवाल्याला सांगून ठेवलं आहे, एक खुर्ची उघडी ठेव म्हणून.

आपला,
वेंडेल